पणम कट्टलै

चेन्नईत राहून मला बरीच वर्षं झाली, आणि मला तमिळ येतं असं मी नागपूरला माहेरी बिनदिक्कत सांगते. येतं ते भाजीवालीपुरतं आणि रिक्षावाल्यापुरतं. बाकी अर्धं ऐकते आणि अर्धं मनानेच ठरवून टाकते. आजवर ते खपून गेलं. ज्या दिवशी खपलं नाही, त्या दिवशी माझी दुसरी पदवी गेली.

पहिली पदवी बी.कॉम.ची. ती वडिलांनी निवडली, मी पास केली आणि प्रमाणपत्र कपाटात ठेवलं. दुसरी मात्र मला स्वतःला हवी होती. गिंडीला आमच्या घराजवळ, शिकायला जरा जास्त वेळ लागणाऱ्या मुलांची एक छोटी शाळा आहे. तिथे मी अनेक वर्षं नुसती मदतीला म्हणून जात होते. मुलांचे डबे उघडून देता देता कधी अक्षरं गिरवून घ्यायला लागले, ते माझं मलाच कळलं नाही. यंदा शाळेच्या संस्थेने नियम काढला की वर्गात उभं राहायचं तर विशेष शिक्षणाची पदवी हवी, निदान त्या अभ्यासक्रमाला प्रवेश तरी घेतलेला हवा. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मॅम, यंदा कुठेही नाव घाला. मी पगारावर घेते. नाहीतर माझे हात बांधलेले आहेत."

मी अर्ज केला. मुलाखतीला गेले तेव्हा गेटवरच्या माणसाने पालकांची खोली दाखवली. मी म्हटलं, मीच विद्यार्थी. तो इतका मनापासून हसला की मलाही हसावं लागलं, पण आतून चांगलीच चिडले होते. तरी प्रवेश मिळाला.

आता फी. वर्षानुवर्षं घरी शिकवण्या घेऊन साठवलेली माझी एक ठेव होती, ती मोडायची ठरवली. वेळ मात्र अगदी वाईट होती. नवरा ज्या छोट्या कारखान्यात सुपरवायझर होता, तिथली माणसं कमी केली होती आणि तो काही महिन्यांपासून घरी बसला होता. ठेव मोडते म्हटल्यावर तो म्हणाला, "तुझे पैसे आहेत." बस, एवढंच. त्याने विरोध केला असता तर निदान भांडता तरी आलं असतं. पण तो रोज सकाळी वर्तमानपत्रातल्या नोकऱ्यांच्या जाहिराती वाचायचा, घडी घालून ठेवायचा, आणि मी त्याच्यासमोर पुस्तकांची चौकशी करत फोनवर बोलायचे. मला माझीच लाज वाटायची, आणि लाज का वाटावी म्हणून रागही यायचा.

ठेवीचे पैसे हातात यायला उशीर झाला. फीच्या अगदी शेवटच्या दिवशी सकाळी मी फोनवरून पैसे पाठवले. पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं, थांबेचना. मग बँकेचा मेसेज आला की खात्यातून रक्कम वजा झाली, पण कॉलेजकडून पावती काही येईना. धीर निघेना म्हणून मी बस पकडून थेट कॉलेजात गेले.

फीच्या खिडकीत एक तरुण माणूस होता. मी अर्जाचा क्रमांक सांगितला. त्याने संगणकात पाहिलं आणि म्हणाला, "पणम कट्टलै, मॅडम."

पणम म्हणजे पैसे, एवढं मला येतं. पुढचं तर आमच्याकडचंच वाटलं. आम्हा वैदर्भीयांच्या खात्यातून पैसे कापले जात नाहीत, कटतात. पैसे कटले! बँकेच्या मेसेजातही तेच होतं. माझा जीव भांड्यात पडला. "कटले ना? नक्की?" मी मराठीतच विचारलं. त्याने मान हलवली, पुन्हा तेच म्हणाला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. मला वाटलं, बिचाऱ्याची जेवायची वेळ झाली. मी रोम्ब नन्री म्हणून त्याचे आभार मानले आणि निघाले. गेटवरच्या त्या माणसाकडे बघून ऐटीत हसलेसुद्धा.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं, "झालं काम." तो म्हणाला, "छान." आणि पंख्याकडे बघत बसला.

पुढच्या आठवड्यात वर्ग सुरू झाले. मी नवी सुती साडी नेसून गेले, मागच्या बाकावर बसले. सगळी माझ्यापुढे लेकरंच. हजेरी झाली, माझं नाव आलंच नाही. बाईंनी ऑफिसात जायला सांगितलं. तिथल्या अधिकारी बाई शांतपणे म्हणाल्या की तुमची फी आलीच नाही, मुदत संपली, जागा प्रतीक्षा यादीतल्या मुलीला दिली. मी खिडकीतल्या त्या माणसाकडे धावले. म्हटलं, तुम्हीच तर सांगितलंत! तो गोंधळून म्हणाला, "मी सांगितलं ना मॅडम, कट्टलै. संध्याकाळपर्यंत वेळ आहे, तेही दाखवलं."

मी फोन पुढे केला, बँकेचा मेसेज दाखवला. ऑफिसातले म्हणाले, बँकेला विचारा. एग्मोरला बँकेत गेले तर ते म्हणाले, व्यवहार अर्धवट राहिला आहे, पैसे आपोआप परत येतील, कॉलेजला विचारा. पुन्हा कॉलेजात येऊन म्हटलं, रोख आणून देते, आत्ता देते. बाई म्हणाल्या, "सिस्टिम बंद झाली, मॅडम." मी अक्षरशः हात जोडले. त्यांनीही हात जोडले. माणूस रागावला तर त्याच्याशी वाद घालता येतो, हात जोडणाऱ्याशी काय बोलणार?

आमच्या वरच्या मजल्यावर तंजावरकडचे एक मराठी काका राहतात, निवृत्त शिक्षक. त्यांचं मराठी जुन्या वळणाचं, तमिळच्या चालीवर बोललेलं. जिन्यात भेटले तेव्हा मी सगळं सांगितलं. ते आधी खो खो हसले. मग माझा चेहरा पाहून एकदम थांबले.

"अहो अम्मा, कट्ट म्हणजे बांधणं, ते शेवटचं लै म्हणजे नाही. पैसे बांधलं नाही. तुम्ही लोक फी भरता, आम्ही बांधतो वो. त्यांनी पैसे आलं नाही म्हणून सांगितलं, तुम्ही आलं म्हणून ऐकलं."

"मग मी काय करू, काका?"

"काय करायचं आहे आता," ते हळू म्हणाले. "मी येऊ का उद्या तुमच्याबरोबर? नीट तमिळमध्ये सांगतो."

ते खरंच आले. नीट तमिळमध्ये सांगितलं, आणि तेच उत्तर नीट तमिळमध्ये ऐकून आम्ही परत आलो.

मुख्याध्यापिकांना फोन केला. त्या म्हणाल्या की सोमवारपासून नवी शिक्षिका येते आहे, तुम्ही मुलांना भेटायला कधीही या. पाहुणी म्हणून या, असा त्याचा अर्थ. तो मात्र मला पहिल्या फटक्यात कळला.

चार-सहा दिवसांनी पैसे परत आले, सगळेच्या सगळे. संध्याकाळची वेळ होती, मी पोळ्या लाटत होते. फोन नवऱ्याच्या हाताशी होता. त्याने मेसेज वाचला आणि मला वाचून दाखवला. त्याचा आवाज कित्येक महिन्यांत असा मोकळा लागला नव्हता. लगेच त्याच्या ते लक्षात आलं, तो ओशाळला. "वाईट झालं गं," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी भर. हे बाजूलाच ठेवू."

"हो," मी म्हटलं. दोन महिन्यांचं भाडं थकलं होतं, आणि पुढच्या वर्षापर्यंत यातला एक रुपया उरणार नाही हे आम्हा दोघांना माहीत होतं. त्या रात्री तो पोटभर जेवला, आणखी एक पोळी मागून घेतली. मला त्याच्यावर चिडायचं होतं. मनातल्या मनात वाक्यंसुद्धा तयार होती. पण त्याने मेसेज वाचला त्या क्षणी मलाही हायसं वाटलं होतं, आणि ते मी अजून त्याला सांगितलेलं नाही.