ताईसाठी हॉटेल शोधताना

लोकहो, ताई या ग्रुपवर नाही, म्हणून इथंच बोलतो.

आज दुपारी अकोल्याहून तिचा फोन आला. दोन लेकरं घेऊन ती कॅनडाला भाऊजींकडे चालली आहे. मध्ये दुबईत वीस तास थांबायचं आहे.

"तू राह्यला होता ते हॉटेल लेकरायले चालते का रे?"

मी त्या हॉटेलचे फोटो उघडले. तोच पिवळा पडदा, उशाशी तोच फोन.

तीन वर्षांपूर्वी बाबा गेले, तेव्हा परदेशातून घरी येताना मी तिथं उतरलो होतो. जरा बाजार पाहतो म्हणून निघालो अन् भटकतच राहिलो. परतलो तर खोलीतल्या फोनचा, निरोप आल्याचा लाल दिवा लुकलुकत होता. विमानतळावर न्यायला आलेली गाडी निघून गेली होती, मग विमानही. घरी सांगितलं, विमान रद्द झालं. माझी वाट पाहून शेवटी स्मशानापर्यंत मडकं ताईनं धरलं.

"विमानतळातच खोली घे, बाहेर पडूच नको," मी म्हणालो.

"काहून रे बापू? तुयं तं विमानच रद्द झालं होतं. त्यात हॉटेलचा काय दोष?"

मी फोन ठेवला.

तुमच्या भावानं असं केलं असतं, तर तुम्हाला ते ऐकायचं असतं का?