थेंबसुद्धा खाली पडता कामा नये

सकाळी धुकं असं दाटलं होतं, की गॅरेजच्या फाटकातून समोरचा टायरवाला नुसता खोकल्यावरून ओळखायचा. मिस्त्री लाकडाचा भुसा पसरून फरशी झाडत होता. अख्खा रस्ता त्याला झाडूमिस्त्री म्हणायचा. ह्याच्या गॅरेजात बाळंतपण करा, पण तेल सांडू नका, असं टायरवाला गिऱ्हाइकांना बजावायचा.

त्याला कारण बाप. बाप ह्याच फरशीवर तेलावरून घसरला, कंबर मोडून अकरा महिने खाटेवर पडला आणि घरातल्या प्रत्येकाचं डोकं खाऊन मग एकदाचा गेला. तेव्हापासून तेलाचा थेंब दिसला, की मिस्त्रीला बाप उठून बसल्यासारखा वाटायचा.

धुक्यातून किंचाळत एक ट्रक आला. किंचाळत होता तो पट्टा. चालवणारी शांत होती. मिस्त्रीची थोरली बहीण. ताईचं वय अठ्ठावन्न, ट्रकचं बत्तीस. नवरा गेल्यापासून ती त्यावर विटा वाहायची, आणि घरी बसायचा विषय कुणी काढलाच तर त्यालाच घरी बसवायची.

मिस्त्रीनं बॉनेट उघडलं. "स्टिअरिंगचा पंप बसलाय. पुली जाम, पट्टा तिच्यावर घासतोय."

"मग नवा घाल."

"ह्या मॉडेलचा पंप आता भंगारातही मिळत नाही. ती पुली सोडून आखूड पट्टा टाकतो. पाण्याचा पंप फिरेल, बॅटरी चार्ज होईल. स्टिअरिंग मात्र दंडाच्या जोरावर. तुला नाही जमायचं, ताई. वीटभट्टीवाल्याचा भाचा मागतोय ना गाडी, देऊन टाक."

"तू चड्डी सावरत शाळेत जायचास तेव्हा मी बाबांचा ट्रक वळवायचे. त्याला कुठं होता पंप? आधी पट्टा घाल, अक्कल मागून शिकव."

मिस्त्रीनं उरलेल्या पुल्यांवरून सुतळी फिरवून माप घेतलं, तेवढा पट्टा शोधून चढवला, पाण्याचा पंप सुलटा फिरतोय ना ते पाहिलं. मग जाम झालेला पंप काढला. त्याच्या दोन नळ्या ठिबकायला लागल्या, तसा मिस्त्रीच्या अंगावर काटा आला. त्यानं घाईघाईनं दोन्ही तोंडांत एकेक बोल्ट कोंबला आणि वर क्लिपा आवळल्या. फरशी वाचली.

ताई केबिनमध्ये चढली. स्टिअरिंग ओढलं. उभी राहून ओढलं. बोटभरही हललं नाही. तिनं हात मांडीवर पुसले आणि तळव्यांकडे बघत राहिली.

"भाच्याला फोन लाव," ती म्हणाली.

आपलं खरं ठरलं म्हणून मिस्त्रीला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. ताईचा एवढा बारीक आवाज त्यानं बापाच्या मयतीतही ऐकला नव्हता.

"उतर जरा, मी बघतो."

त्यानं दात खाऊन हिसका दिला. कंबरेत कट्ट वाजलं. स्टिअरिंगला मिठी मारून तो तसाच राहिला.

ताईनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "रोज गिअरबॉक्स उचलणारा तू. तुझ्यानंही हलत नाही, म्हणजे खोट माझ्या दंडांत नाही." ती वाकून खाली डोकावली. "ह्या नळ्यांची तोंडं कुणी शिवली?"

"तेल गळत होतं गं."

"मग स्टिअरिंग बॉक्समधलं तेल जाणार कुठं, माझ्या ओच्यात? सायकलच्या पंपाचं तोंड दाबून दांडा ढकलून बघ कधी. फरशीपायी माझी गाडी विकायला निघाला होतास, बाबांची औलाद."

मिस्त्रीला वाकता येईना. त्यानं वरून सांगितलं आणि ताईनं खाली बसून केलं: बोल्ट उपटले, पाइपाचा एक तुकडा घेऊन दोन्ही नळ्या एकमेकींना जोडल्या, तेल आतल्या आत फिरायला वाट करून दिली. ह्या भानगडीत लोटाभर तेल फरशीवर गेलं. मिस्त्रीनं डोळे मिटून घेतले.

ताईनं ह्या वेळी उभ्या गाडीचं स्टिअरिंग ओढलंच नाही. "बसलेल्या म्हशीची मान वळवतात का कुणी? आधी चालू द्यायचं तिला." ट्रक हळूच सरकला, तशी ती दोन्ही हातांनी स्टिअरिंगवर लवली. जड होतं, पण वळलं. फाटकाशी एक ड्रम चेपला आणि ट्रक बाहेर पडला.

"कंबर शेकून घे," धुक्यातून आवाज आला. चांगला मोठा.

मिस्त्री वाकडाच उभा होता. फरशीवर बाप ऐसपैस उठून बसला होता. त्यानं बापावर ओंजळभर भुसा टाकला आणि झाडू घेतला.