पडद्याआधीचा अर्धा तास

नजमाताई गेल्याचं त्यांच्या भावानं सकाळी इंदापूरहून फोन करून कळवलं, तेव्हा मी बारामतीच्या आमच्या नाट्यगृहात संध्याकाळच्या प्रयोगाची तयारी करत होते. "अगं, ऐकतेस ना?" ते दोनदा म्हणाले. ऐकत होते... पण मनात पहिलं आलं ते भलतंच. आता त्यांना खरं सांगायचं राहून गेलं. दीड महिना झाला, ते मनातून जात नाही.

ताई या नाट्यगृहाच्या व्यवस्थापक होत्या. इंदापुरात घरचं कापडाचं दुकान, पण त्यांचा जीव इथं. मी कऱ्हाटीची, घरातली पहिली पदवीधर. एकही नाटक न पाहिलेल्या मुलीला त्यांनी मदतनीस म्हणून घेतलं. पहिल्याच दिवशी ओढणीनं माझे डोळे बांधून म्हणाल्या, "फाटकापासून खुर्चीपर्यंत ये बघू." मी दोनदा धडपडले. "लागलं? ज्यांना रोज लागतं त्यांच्यासाठी आपण काम करायचं." प्रयोगाआधी अर्धा तास त्या अंध प्रेक्षकांना रंगमंचावर नेत. दार कुठं, जिना कुठं, पलंग कुठं, सगळं हातांनी पाहायचं. नट एकेक वाक्य बोलून आवाजाची ओळख देत. सांगवीचे शिवरामतात्या एकदा सोफा चाचपून म्हणाले, "ताई, आमच्या सरपंचाच्या सोफ्यापरीस मऊ हाय की वो!" "बसू नका तात्या. हाही सरपंचासारखाच, नुसता दिसायला भक्कम!" विंगेतले नटसुद्धा हसले. प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी ताई या अंध प्रेक्षकांपैकी कुणाला तरी फोन करून विचारायच्या, दार कुठं होतं, कोण कुठं बसलं होतं. सांगता आलं नाही तर चूक आपली, असा त्यांचा हिशेब.

गेल्या वर्षी ताई आजारी पडून इंदापूरला गेल्या आणि कारभार माझ्याकडे आला. एक नाटक कंपनी उशिरा पोचली. नेपथ्य पहिल्या घंटेपर्यंत उभं राहत होतं. प्रयोग थोडा उशिरा सुरू करा, एवढं म्हणायची माझी छाती झाली नाही. विंगेत ताटकळलेल्या तात्यांना आणि बाकीच्यांना मी थेट खुर्च्यांवर नेऊन बसवलं. पुढच्या दिवशी ताईंचा फोन आला. "सगळ्यांना वर नेलंस ना? दार कुठं होतं?"

"नेलं ताई. दार डावीकडं."

दार खरंच डावीकडं होतं. ताई "बरं" म्हणाल्या आणि मी जेवले का ते विचारलं. नंतर दोनदा त्यांना भेटायला गेले. दोन्ही वेळा ओठांवर आलेलं गिळलं... नोकरीच्या भीतीनं नाही, त्यांच्या मनातून उतरेन म्हणून.

त्या गेल्यावर मी सांगवीला गेले, निदान तात्यांची तरी माफी मागावी म्हणून. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "म्या न्हाय सांगितलं ताईस्नी. त्यांचा फोन आला व्हता. म्हनलं, पोरीनं समदं दावलं. नवी हाय, कशाला तिला बोलनी?"

"आणि दार विचारलं त्यांनी?"

"इचारलं की. उजव्या अंगाला व्हतं म्हनून दिलं ठोकून."

माझं दार डावीकडं, तात्यांचं उजवीकडं. म्हणजे ताईंना कळलं होतं. आम्हा दोघांना, शेवटपर्यंत, त्यांनी एका शब्दानं टोकलं नाही. ते नाटक कसं वाटलं होतं, असं तात्यांना विचारलं. "आवाज लई आलं पोरी... कोन कुठनं बोलतंय त्येच कळंना. मग म्या येनंच सोडलं."

परवाच्या प्रयोगाला मी कंपनीच्या व्यवस्थापकांना सांगितलं, अर्धा तास मिळाल्याशिवाय पडदा उघडणार नाही. माझ्या बोलावण्यावरून तात्याही आले. ताई रंगमंचावर कुणाचा हात धरून वस्तूवर ठेवत नसत. आपले हात पाठीमागे बांधून उभ्या राहत, समोरच्याचा हात आपणहून पोचेपर्यंत. तात्यांची बोटं हवेत चाचपत होती, घंटेची वेळ जवळ येत होती, आणि माझे हात पुढं व्हायला शिवशिवत होते. मी ते पाठीमागे घट्ट धरून ठेवले...