मास्तरांचा नकार

आमच्या नाटक कंपनीचे शिंपी जन्मापासून बहिरे होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत. ऐकू येत नाही म्हणून त्यांच्या खोलीत आमच्या चहाड्या बिनधास्त चालत. ते ओठ वाचतात हे कळेपर्यंत निम्म्या कंपनीची अब्रू त्यांच्या खिशात गेली होती.

ते हातांनी बोलत. आधी गोष्ट मांडायची आणि नकार अगदी शेवटी. ‘हा अंगरखा, तू, आज, घाल’ एवढं दिसलं की आमचा नायक अंगरखा उचलून पसार. पाठीमागे मास्तरांच्या भुवया जवळ येत, मान हळूहळू हले, तळहात झटकला जाई. घालू नको, शिवण कच्ची आहे. ऐन युद्धाच्या प्रसंगात शत्रूआधी बाही गळून पडायची. मराठीतही ‘नाही’ शेवटीच येतं म्हणा. पण पाठ फिरवली तरी ते कानावर पडतं. हातांकडे पाठ फिरवली की संपलंच. त्यात आम्ही नटमंडळी, समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देण्याची सवयच नाही.

त्यांच्या लेकीला मात्र ऐकू येई. आई लवकर गेली, तेव्हापासून तीच बापाचा आवाज. पदरचं काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही, ही बापाची शिस्त. फ्रॉक घालायच्या वयात तिनं घरमालकाला बापाच्या शिव्या जशाच्या तशा ऐकवल्या होत्या, त्याही गोड आवाजात.

म्हातारपणी मास्तरांना साखरेच्या आजारानं गाठलं. उजव्या हाताला जखम झाली, ती चिघळली, बोटं काळी पडली. मी इस्पितळात त्यांच्या पायथ्याशी बसले होते, लेक उशाशी, तेव्हा डॉक्टर आले.

“हात मनगटापासून काढावा लागेल. आजच. नाहीतर जिवाला धोका आहे. विचारा त्यांना.”

लेकीनं हातांनी सगळं सांगितलं. मास्तरांनी पट्टीतला हात उचलला. तो हात, कापायची खूण, मग जगण्याची. तेवढ्यात परिचारिकेनं हाक मारली आणि डॉक्टर तिकडे वळले. त्यांच्या पाठीमागे मास्तरांची मान हलली, डावा तळहात झटकला गेला. एकदा, मग पुन्हा. हात कापून जगायचं नाही.

“काय म्हणतात?” डॉक्टर वळले.

लेक बापाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “कापा म्हणतात.”

मास्तरांची नजर तिच्या ओठांवर होती. ते मान हलवतच राहिले, खाटेचा गज धरून.

“घाबरलेत,” परिचारिका म्हणाली. “होतं असं.”

लेकीनं सही केली.

मास्तर वाचले. डाव्या हातानं माझ्याशी थोडंफार बोलतात. लेकीशी नाही. ती खोलीत आली की डोळे मिटून घेतात. मिटल्या डोळ्यांना हात काय सांगणार? मी एकदा तिची बाजू मांडायला गेले. त्यांनी लेकीची खूण केली, मग स्वतःच्या तोंडाला बोट लावलं, आणि तळहात झटकला.

ती रोज कामावरून थेट येते. भरवते. ते तोंड उघडतात, डोळे नाही. परवा त्यांचा शर्ट बदलताना ती माझ्याकडे न बघता म्हणाली,

“असू दे मावशी. रागवायला आहेत तरी.”

आणि खाली वाकून बटणं लावू लागली.