निळं की स्टेनलेस

इंग्लंडमध्ये साधं पिस्तूल घरी ठेवता येत नाही. ठासणीचं रिव्हॉल्व्हर मात्र पोलिसांच्या परवान्यावर मिळतं. बंदुकीची दारू, गोळी, ठिणगी पाडणारी टोपी सगळं हाताने भरायचं आणि क्लबात जाऊन कागदावर नेम धरायचा. बाईमाणसाला हा कसला नाद, असं विचारणाऱ्यांना मी उत्तर देत नाही.

आई गेल्यावर बाबांना मी पुण्याहून इथे वॉटफर्डला, माझ्याकडे आणलं. दारूगोळ्याच्या कारखान्यात उभा जन्म काढलेला माणूस. इथे खिडकीत बसून शेजाऱ्यांच्या कचऱ्याच्या बिन्स कधी उचलतात ते बघायचे. "मला परत पाठव," एवढंच म्हणायचे. पुण्यात त्यांचं कोणी उरलं नव्हतं. ते गेले तर तिथे एकटेच संपतील, या भीतीने माझी झोप उडाली होती.

त्याच सुमारास मला रिव्हॉल्व्हर घ्यायचं होतं. बाबांना सोबत नेलं. दुकानदाराने दोन समोर ठेवली: एक स्टेनलेस, एक निळसर काळ्या झाकेचं ब्लूड. मी स्टेनलेसला हात घातला. ऑफिस लांब, रीडिंग गावात, जाण्यायेण्यातच दिवस जातो. इथली हवा दमट, आणि काळ्या दारूची राख लोखंड खाते.

"बाबा, हे लो मेन्टेनन्स आहे. धुतलं, पुसलं, झालं."

"मग स्टीलचा तांब्याच घे की," बाबा म्हणाले. त्यांनी निळं उचललं, उजेडाकडे तिरपं धरलं. "याला माणूस लागतो. मी बघेन."

कित्येक महिन्यांनी ते काहीतरी 'बघेन' म्हणाले होते. मी निळं घेतलं.

परवाना माझा, त्यामुळे तिजोरीची किल्लीही माझ्याचकडे. मी समोर असल्याशिवाय बाबांनी त्याला हात लावायचा नाही, असा कायदा. मी कायद्यावर कितीदा वैतागले असेन, पण या एका कलमाने आमचं भलं केलं. क्लबातून आलं की मला त्यांच्यासमोर बसावंच लागे. ते गरम पाण्याने नळी धुवायचे, जुन्या धोतराच्या चिंधीने कोरडी करायचे, तेलाचा हात फिरवायचे आणि बोलायचे. आईबद्दल ते पहिल्यांदा बोलले ते चिंधी हातात असतानाच. 'परत पाठव' हे शब्द हळूहळू बंद झाले.

खंडेनवमीला त्यांनी रिव्हॉल्व्हर पाटावर मांडायला लावलं. कारखान्यात मशीनची पूजा व्हायची, तशी. तेलावर कुंकू बसेना, म्हणून त्यांनी नळीवरचं तेल पुसून काढलं आणि ओल्या कुंकवाचं बोट टेकवलं.

"अहो बाबा, गंजेल ना."

"एका रात्रीत काय होतंय? आज हत्यार हलवायचं नसतं. उद्या दसऱ्याला पुसू."

पाटावर ठेवून देणं कायद्यात बसत नव्हतं. मी ते कुंकवासकट तिजोरीत ठेवलं. हलवलं म्हणून बाबा जरा कुरकुरले.

दसऱ्याच्या सकाळी त्यांच्या छातीत दुखू लागलं. ॲम्ब्युलन्स आली, वॉर्ड मिळाला, आणि त्याच आठवड्यात बाबा गेले. तिजोरीची मला आठवणही राहिली नाही.

दिवसकार्य झाल्यावर उघडली. कुंकू वाळून गळून गेलं होतं. त्याखाली, निळ्या पोलादावर, बाबांच्या बोटाच्या पेराएवढा तांबूस गंज धरला होता. मी तिथेच जमिनीवर बसले आणि हॉस्पिटलात आलं नव्हतं ते सगळं रडू आलं.

क्लबातले सांगतात, घासून पुन्हा ब्लू करून घे, नाहीतर हे विकून स्टेनलेस घे. त्यांचं चूक नाही. स्टेनलेसवरून कुंकू पुसलं असतं तर काहीच उरलं नसतं. मी दर रविवारी चिंधी घेऊन बसते आणि त्या डागावरही तेलाचं बोट फिरवते, म्हणजे तो वाढणार नाही आणि जाणारही नाही.