कडब्याच्या रंगाचं पातं

वीरुपाक्ष हे माझे धाकटे मामा. सेलूत घरच्या पडवीतच त्यांचं दुकान: एक भाता, एक ऐरण आणि छातीनं रेटायचं एक गिरमीट. चाळण्या, कंदील दुरुस्त करत. पोलादाचं काम त्यांना कुणी देत नसे, आणि त्यांना तर तेच हवं होतं.

लढाईचा काळ. ऐन हंगामात गावच्या एका जिनिंगमधली, कापसातून सरकी काढणाऱ्या यंत्राची सुरी मोडली. मुंबईहून मोठ्या मुश्किलीनं नवी आली, तर तिची भोकं जुन्या बोल्टांशी जुळेनात. दोन नवी भोकं पाडायची होती. भट्टीत घालून मऊ करावी, तर धार कायमची गेली असती. कारखान्याचे हेडमिस्त्री दिनकररावांनी गिरमिटाला विलायती पाती लावून, करडईचं तेल ओतून ते गरागरा फिरवलं. चार पाती गेली. सुरीवर नुसता चकचकीत डाग उमटला, आणि फाटकाबाहेर कापसाच्या गाड्या खोळंबल्या.

मामांनी जाऊन सुरी मागितली.

"चाळणीची भोकं बुजवनारा आता पोलादाला भोकं पाडनार व्हय?" दिनकरराव म्हणाले.

मालक मात्र वैतागलेले होते. भोकं पडली तर कारखान्याची सगळी दुरुस्ती मामांची. सुरी तडकली तर फाटकाशी पुन्हा दिसायचं नाही, असं ठरलं.

मामांनी विलायती पात्यांचा नादच सोडला. झिजलेल्या कानशीचं टोक ठोकून चपटं केलं, घासून धार लावली, लालभडक तापवून मिठाच्या पाण्यात बुडवलं. आता ते कडक झालं, पण ठिसूळही. मग मागच्या बाजूनं हळूहळू ऊब द्यायची आणि रंग बघत राहायचा. त्यांनी शेजारी ज्वारीच्या कडब्याचं धाट धरलं. पोलादावर नेमका तोच फिका पिवळा रंग चढला, तसं पातं पाण्यात टाकलं. मला हे कॉलेजात शिकवलं तेव्हा पुरता एक तास गेला होता.

तेलानं पातं नुसतं घसरतं, म्हणून त्यांना टर्पेंटाइन हवं होतं. घरात ते फक्त सिद्धम्मामामींच्या गुडघ्यांसाठी आणलेल्या बाटलीत होतं.

"आन् माझे गुडघे?"

"उद्या कारखान्यातून डबा येईल."

"न्हाई आला तर?"

"मी चेपून दीन."

मामी बाटली देऊन तिथंच बसल्या.

सकाळची लिंगपूजा उरकून मामा जे बसले, ते जेवायलाही उठले नाहीत. थेंब थेंब टर्पेंटाइन, छातीचा सगळा भार, आणि फिरवणं अगदी सावकाश. तासभर काहीच होईना. मग राखाडी भुकटी निघू लागली. पातं तीनदा धारवलं. दिवस कलायच्या आत दोन्ही भोकं आरपार.

कारखान्यात बोल्ट हातानं आत गेले. यंत्र सुरू झालं, गाड्या हलल्या.

चौथ्या दिवशी दिनकरराव स्वतः पडवीत उभे, हातात झिजलेल्या कानशींची जुडी. "वीरुपाक्षाप्पा, यांची पाती करून द्या."

मामांनी त्यांना बसायला पाट दिला. कोपऱ्यात टर्पेंटाइनचा अख्खा डबा होता.

"देतो की," मामा म्हणाले. "तेल तेवढं घरीच ठेवा."