फ्लेक्सवरचं तोंड

पायाच्या खाजेसाठी धंतोलीत चामडीच्या डॉक्टरकडे गेलो होतो. बाजूले एक गडी, तोंडभर कांजण्यांचे वण. मोबाइलमधला आपला फोटो पाहे, मग आरसा पाहे. सरपंचकीले उभा होता म्हणे.

"फ्लेक्सवाल्यानं फोटोतले डाग पुसले, काकाजी. गाव विचारून राहिलं, हा कोण गा?"

"मग दुसरा छाप ना!"

"चौकाचौकात लागले. आता औषधानं साल काढून तोंडच फोटोसारखं करतो."

नर्सबाई म्हणाली, "साल निघाल्यावर महिनाभर उन्हात फिरायचं नाही."

मी विचारलं, "अन् प्रचार?"

आरशातच पाहत तो म्हणाला, "फ्लेक्स हाये ना."

माझ्या तोंडावर लहानपणापासून देवीचे वण हायेत. 'हा कोण गा?' असं गावात अजून कोणी विचारलं नाही.